कामावर अपघात झाला? भरपाई बुडवणाऱ्या या चुका टाळा

पॉवर प्रेसखाली बोटं गेली की पुढच्या दहा मिनिटांत काय होतं, हे वाळूजपासून जालन्याच्या रोलिंग मिलपर्यंत ठरलेलं आहे. सुपरवायझर हाताला गमछा गुंडाळतो, कुणाची तरी गाडी येते आणि गाडीतच कानात सांगितलं जातं, "डॉक्टरला घरचं सांग. दारात बोट अडकलं म्हण. उगाच पोलिसाचं लफडं नको. खर्च सगळा शेठ करतो, तू टेन्शन घेऊ नको." दुखण्याने अर्धा मेलेला पोरगा मान हलवतो. तिथेच निम्मी केस हरलेली असते.

दवाखान्यात खोटं कारण सांगणं

कॅज्युअल्टीतला डॉक्टर केस पेपरवर पहिली ओळ लिहितो ती "कसं झालं" याची. नंतर कितीही अर्ज करा, नोटिसा पाठवा, समोरचा वकील तीच ओळ वाचून दाखवतो. एक उदाहरण घ्या. 26 वर्षांचा हेल्पर, प्रेसवर उजव्या हाताच्या तर्जनीची दोन पेरं आणि मधल्या बोटाचं एक पेर गेलं. केस पेपरवर "घरी लोखंडी दरवाज्यात बोटे अडकली". दोन महिने शेठने गोळ्या-औषधाचं पाहिलं, तिसऱ्या महिन्यात गेटवरून परत पाठवलं. आता अर्ज केला तर मालकाचं म्हणणं एका वाक्याचं: अपघात आमच्याकडे झालाच नाही, दवाखान्याचा कागद पाहा. मशीनवरच्या दोन सोबत्यांना साक्षीला बोलवावं तर ते अजून तिथेच कामाला. ते कशाला बोलतील?

म्हणून कॅज्युअल्टीत तोंड उघडायचं ते खरं सांगायला. "कामावर, अमुक मशीनवर, सकाळी सव्वादहाला." पेपरवर तसं लिहिलंय का, ते सोबतच्या माणसाने वाचून घ्यायचं. एमएलसी (मेडिको-लीगल केस) नोंद करायला सांगायची आणि तिचा नंबर मोबाइलमध्ये टिपून ठेवायचा. एमएलसी म्हणजे मालकाला अटक, ही भीती सुपरवायझरच घालतो. प्रत्यक्षात ती दवाखान्याने पोलिसांना दिलेली माहिती असते. केस पेपर, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, मेडिकलची प्रत्येक पावती यांचा त्याच दिवशी फोटो काढून घरच्या दोघांच्या फोनवर पाठवायचा. मूळ कागद "कंपनीत जमा करतो" म्हणून कुणी मागितले तर झेरॉक्स द्यायची, मूळ नाही. इलाजाचा प्रत्यक्ष खर्च मालकाकडून परत मिळण्याचा हक्क कायद्यातच आहे, पण पावती नसेल तर तो हक्क चाटायचा का?

चुकीचं आधीच लिहून झालं असेल तर दडवत बसू नका. पुढच्याच तपासणीला डॉक्टरला खरं कारण सांगून नव्या कागदावर लिहून घ्या आणि मालकाला लेखी नोटीस पाठवा: तारीख, वेळ, मशीन, कोणता अवयव, हजर कोण होतं. पोच मिळेल अशा स्पीड पोस्टने. तोंडी सांगितलेलं सगळे विसरतात. कायदा नोटीस लवकरात लवकर द्यायला सांगतो. मालकाला अपघात माहीत होता हे दिसलं तर नोटिशीच्या उणिवेवरून दावा पडत नाही. पण माहीत होता, हे दाखवायलाही कागदच लागतो.

कोणत्या दारात जायचं, हे न पाहणं

पगाराच्या पावतीवर ईएसआयची, म्हणजे सरकारी कामगार विम्याची, 0.75 टक्के कपात दिसते का, ते आधी बघा. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आणि कायदा लागू असलेल्या ठिकाणी 21,000 रुपयांपर्यंत पगार असणारा कामगार विमाधारक असतो. विमाधारकाला कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याखाली मालकावर दावा करता येत नाही, त्याचं दार ईएसआयसीचं, म्हणजे हा विमा चालवणाऱ्या महामंडळाच्या कार्यालयाचं. यात रडण्यासारखं काही नाही. तात्पुरत्या अपंगत्वात ईएसआयसी सरासरी रोजाच्या 90 टक्के देते, भरपाई कायद्यात पगाराच्या 25 टक्के दर पंधरवड्याला. कामावरच्या इजेसाठी ठरावीक महिने वर्गणी भरलेली असण्याची अटही नाही. पहिल्या दिवशीचा अपघातही चालतो.

गडबड होते ती नोंदणीत. सहा महिने नुसत्या हजेरीवर राबवायचं आणि अपघात झाल्यावर संध्याकाळी कॉम्प्युटरवर बसून विमा क्रमांक काढायचा, हा ठेकेदारांचा आवडता उद्योग. रुजू होतानाच क्रमांक मागा. अपघाताचा अहवाल मालकाने 24 तासांत पाठवायचा असतो. तो गेला का आणि त्यात रुजू तारीख काय टाकली, हे कार्यालयात जाऊन पाहा.

ईएसआय नसेल तर कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, 1923. त्यातल्या तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्ये आल्या आहेत. संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली, त्यामुळे अर्जात अपघाताची तारीख ठळक लिहा. हिशेबाची रीत तीच राहिली आहे.

शंभराच्या स्टॅम्पवर "मिटवून टाकणं"

याचा राग आल्याशिवाय राहत नाही. गावचा एखादा पुढारी मध्यस्थ, शेठचा मुनीम, टपरीवर चहा आणि नोटरीचा कागद: "रु. 40,000 मिळाले, यापुढे माझी कसलीही तक्रार नाही." पोरगा सही करतो, कारण घरात पीठ संपलेलं असतं. त्याला दोष नाही. दोष त्या शेजारी बसलेल्या शहाण्याचा, जो म्हणतो, "कोर्टात वर्षं जातील, हातात आलं ते घे."

हातात किती येऊ शकतं, ते बघू या. तोच 26 वर्षांचा हेल्पर, पगार 14,000, ईएसआय नाही असं धरू. कायमच्या पूर्ण अपंगत्वाला पगाराच्या 60 टक्के गुणिले कायद्यात दिलेला वयाचा गुणांक. 60 टक्के म्हणजे 8,400. 26 वर्षांचा गुणांक 215.28. गुणाकार 18,08,352 रुपये. अंशतः अपंगत्वात यातला टक्का मिळतो: तर्जनीची दोन पेरं 11 टक्के, मधल्या बोटाचं एक पेर 7 टक्के, एकूण 18. म्हणजे 3,25,503 रुपये. शिवाय इलाजाचा खर्च, रकमेच्या देय तारखेपासून महिन्याभरात दिली नाही तर 12 टक्के व्याज, आणि योग्य कारण नसताना अडवली तर 50 टक्क्यांपर्यंत दंड. चाळीस हजार कुठे आणि हे कुठे!

हक्क सोडल्याचा करार कायद्याने रद्दबातल आहे. तडजोड करायचीच तर ती भरपाईचे दावे ऐकणाऱ्या आयुक्तांकडे नोंदवावी लागते; रक्कम अपुरी वाटली तर ते नोंद नाकारू शकतात. तेव्हा सही करून बसला असाल तरी दार बंद झालेलं नाही, अर्ज करा. घेतलेले पैसे लपवू मात्र नका, अर्जात लिहा.

कामगार दगावला असेल तर रक्कम आयुक्तांकडेच जमा व्हायला हवी. तेराव्याला विधवेच्या हातात पाकीट देऊन फोटो काढला म्हणजे भरपाई दिली, असं होत नाही. मृत्यूचा हिशेब 50 टक्क्यांवर: 15,000 पगार, वय 30, गुणांक 207.98, तर 15,59,850 रुपये. प्रत्यक्ष पगार 22,000 असला तरी हिशेबाला 15,000 च धरतात, ही मर्यादा जानेवारी 2020 पासूनची. ती फार तोकडी आहे, पण आहे ती आहे.

अपंगत्वाचा दाखला म्हणजेच टक्का, हा समज

कायद्यातल्या तक्त्यात बसणाऱ्या इजेचा टक्का ठरलेला आहे: एक अंगठा 30, एका हाताची चारही बोटं 50, दुसरा डोळा चांगला असताना एका डोळ्याची नजर 30. तक्त्यात न बसणाऱ्या इजेत, उदाहरणार्थ पाठीच्या मणक्यात, प्रश्न कमाईची ताकद किती घटली हा असतो. दिव्यांग दाखल्यावर 25 टक्के आहे म्हणून पंचवीसच मागणारे रोज भेटतात. अवयवाचं अपंगत्व वेगळं, कमाईचं नुकसान वेगळं. मणक्याला मार लागलेला पोती उचलणारा हमाल आणि त्याच इजेचा हिशेबनीस यांचं नुकसान सारखं नसतं. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला, तेव्हा एका हाताने सुतारकी होत नाही म्हणून सुप्रीम कोर्टाने 1975 मध्ये त्याचं नुकसान पूर्ण धरलं. म्हणून डॉक्टरला स्पष्ट विचारा, "माझं काम हे आहे, ते मला किती टक्के जमणार नाही?" आणि उत्तर लेखी घ्या. गरज पडली तर त्याच डॉक्टरला साक्षीला यावं लागेल, तेही आधीच बोलून ठेवा.

बाकीच्या चुका

प्लास्टर घालून लगेच गावाकडे निघून जाणं. नोटीस मिळाल्यापासून तीन दिवसांत मालकाने फुकट तपासणी देऊ केली तर ती करून घ्यावी लागते; न करता गाव गाठलं तर परत येऊन तपासणीला हजर होईपर्यंत हक्क स्थगित राहतो. आणि तिकडे जाऊन हाडवैद्याकडून प्लास्टर उतरवू नका. डॉक्टरचं न ऐकल्याने इजा वाढली, हा बचाव मालकाला आयता मिळतो.

आधारवर जन्मतारीख 1 जानेवारी आणि वर्ष अंदाजाने टाकलेलं. गुणांक वयावर आहे: 25 ला 216.91, 35 ला 197.06. शाळा सोडल्याचा दाखला काढा.

"मी ठेकेदाराचा माणूस, कंपनीवर कसं जाऊ?" जाता येतं. कंपनीच्या नेहमीच्या धंद्यातलं काम तिच्याच आवारात ठेकेदारामार्फत होत असेल तर मूळ मालकाकडून भरपाई मागता येते. तो नंतर ठेकेदाराकडून वसूल करील. गेटपास, हजेरीकार्डाचा फोटो, फोनपेवर आलेला पगार, सुपरवायझरचे व्हॉट्सॲप मेसेज जपून ठेवा. ठेकेदाराने नंबर ब्लॉक केला की हेच उरतं.

"हेल्मेट घातलं नव्हतं, भरपाई नाही." मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर हा बचाव चालतच नाही. एरवीही मालकाला हेतुपुरस्सर आज्ञाभंग सिद्ध करावा लागतो. आणि प्रेसचा गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून लावलेलं संरक्षक, उत्पादन वाढावं म्हणून सुपरवायझरनेच काढला असेल, तर तो आज्ञाभंग कुणाचा?

ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवरचा ड्रायव्हर गेला तर मोटार अपघात न्यायाधिकरण किंवा भरपाई कायदा, यातलं एकच निवडावं लागतं. घाईने फॉर्म भरू नका, दोन्ही हिशेब कागदावर मांडून मग ठरवा.

बीडचा माणूस कोल्हापूरला किंवा कर्नाटकात जखमी झाला म्हणून तिथे खेटे घालायची गरज नाही. दावेदार जिथे राहतो तिथेही अर्ज चालतो. लिहिता येत नसेल तर आयुक्तांच्या देखरेखीखाली अर्ज लिहून मिळण्याची सोयही कायद्यात आहे. हे कुणी सांगत नाही, तुम्ही मागा.

मुदत दोन वर्षांची, अपघाताच्या किंवा मृत्यूच्या दिवसापासून. "पट्टा पडल्यावर (गाळप हंगाम संपल्यावर) बघू", "मुकादम म्हणतो आगाऊ उचलीत वळती करू" असं म्हणत दोन हंगाम सहज निघून जातात. उशीर झालाच तर पुरेसं कारण दाखवून माफी मागता येते, पण "शेठ देतो म्हणाला होता" हे कारण सांगायचं तर शेठचा तसा एखादा मेसेज तरी फोनमध्ये असू द्या.