दिव्यांगत्वाची टक्केवारी कमी लागली? अपील असं करा

सिव्हिल हॉस्पिटलच्या वैद्यकीय बोर्डाने ३८ टक्के लावले की घरात सल्लागार जमा होतात. कुणी म्हणतं आमदारांचं पत्र आणा, कुणी म्हणतं मामाच्या पत्त्यावर दुसऱ्या जिल्ह्यातून नवा अर्ज टाका. गेटबाहेर उभा असलेला एजंट तर सरळ विचारतो, किती हवेत?

यातलं काहीही करू नका. आमदारांच्या पत्राने गुडघा जास्त वाकत नाही आणि कमीही वाकत नाही. अर्ज आधारशी जोडलेला असतो, त्यामुळे दुसऱ्या जिल्ह्यात गेलात तरी जुनी नोंद पुढे येते आणि मग प्रत्येक टेबलावर तुमच्याकडे संशयानेच पाहिलं जातं. एजंटच्या खोट्या दाखल्यावर लाभ घेतलात तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ती शिक्षा लाभ घेणाऱ्याला असते, तेव्हा एजंट फोन उचलत नाही.

सरळ रस्ता त्याच कायद्याच्या कलम ५९ मध्ये आहे: प्रमाणपत्र देणाऱ्या प्राधिकाऱ्याच्या निर्णयाविरुद्ध अपील. मी गेली काही वर्षं लोकांना ही अपिलं लिहून देते. खाली लिहिलंय ते दिव्यांग प्रमाणपत्राच्या टक्केवारीपुरतं आहे. तहसीलमधून संजय गांधी निराधारचा अर्ज उत्पन्नाच्या किंवा रहिवासाच्या कारणावरून परत आला असेल तर ते भांडण वेगळं, ते तहसीलमध्येच भांडायचं. नकाराचं पत्र आधी नीट वाचा. निम्मे लोक चुकीच्या दारात उभे असतात.

लढायचं का, ते आधी ठरवा

पहिली रेषा ४० टक्क्यांची. कायद्याची भाषा ‘४० टक्क्यांपेक्षा कमी नाही’ अशी आहे, म्हणजे बरोबर ४० असतील तरी तुम्ही पात्र. एखाद्या खिडकीवर ‘४० च्या वर लागतात’ असं सांगितलं तर कलम २ मधली ती व्याख्या दाखवा, अपिलाची गरज नाही. नोकरीतलं ४ टक्के आरक्षण, उच्च शिक्षणातलं ५ टक्के, पेन्शन, एसटीची सवलत, बहुतेक सगळं या रेषेवर उघडतं. दुसरी रेषा ८० ची. केंद्राची इंदिरा गांधी दिव्यांग पेन्शन तिथे सुरू होते, आणि प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत दिव्यांग व्यक्तीची वजावट ७५ हजारांवरून सव्वा लाखावर जाते.

म्हणून ३८ चे ४२ करायला जरूर लढा, ७७ चे ८० करायलाही. ४८ चे ५५ करण्यासाठी मात्र घरच्यांचं वर्ष वाया घालवू नका. फेरतपासणीत आकडा खालीही येऊ शकतो, हे कुणी आधी सांगत नाही.

आणि काही ठिकाणी डॉक्टर बरोबर असतात. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा शाबूत असेल तर सरकारने ठरवलेल्या मोजणीच्या तक्त्यात ३० टक्केच आहेत. ऐकण्याच्या सूत्रात चांगल्या कानाला पाच पट वजन असतं, त्यामुळे एकच कान पूर्ण बहिरा असेल तर साधारण १७ टक्के येतात. अन्याय वाटतो, मलाही वाटतो, पण तो तक्त्याचा आहे. अपिलाने तक्ता बदलत नाही.

कागद

प्रमाणपत्र, अर्जाची पोच, सगळे रिपोर्ट, सगळ्यांच्या दोन-दोन झेरॉक्स. प्रमाणपत्रच नाकारलं असेल तर २०१७ च्या नियमांप्रमाणे कारणं लेखी देणं बंधनकारक आहे. त्यासाठी नमुना ८ ठरलेला आहे, तो मागा. ‘बसत नाही’ असं तोंडी ऐकून घरी जाऊ नका.

टक्के कुठे गेले, ते शोधा

मी सगळ्यात जास्त वेळ याच पायरीला दिला आहे. पुढचं सगळं यावरच उभं राहतं, म्हणून इथे घाई नको.

बोर्डाला तुमचं दुःख मोजता येत नाही. ते सांध्याचा कोन मोजतात, स्नायूची ताकद मोजतात, कानाचे डेसिबल मोजतात आणि तक्त्यातला आकडा लावतात. त्यामुळे ‘माझी परिस्थिती हलाखीची आहे, दोन मुलं आहेत, कृपया टक्केवारी वाढवून मिळावी’ या अपिलाला काही उत्तरच नसतं. त्यात तपासण्यासारखं काही नाही. अपिलात दाखवायचं ते एवढंच: अमुक गोष्ट मोजायची राहिली, किंवा अमुक मोजणी चुकली.

त्यासाठी तुमच्या तपासणीच्या नोंदींचा कागद हातात हवा. प्रमाणपत्रावर फक्त शेवटचा आकडा असतो, तो कशाकशाचा बनला ते आतल्या कागदावर असतं. आधी साधा अर्ज द्या. रुग्णाने मागितलेली कागदपत्रं ७२ तासांत द्यावीत, असं डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत आहे. तेवढ्याने नाही मिळालं तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, उत्तराची मुदत ३० दिवस. दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क नाही. ‘ही वैयक्तिक माहिती आहे’ म्हणून नाकारलं तर ती वैयक्तिक माहिती माझीच आहे, असं लिहून माहिती अधिकारातलं पहिलं अपील करा.

सोबत मूल्यमापनाची मार्गदर्शक सूत्रं उतरवून घ्या. मूळ सूत्रं ४ जानेवारी २०१८ च्या राजपत्रात आहेत, मार्च २०२४ मध्ये ती सुधारली गेली. तुमची तपासणी झाली त्या तारखेला लागू असलेली आवृत्ती घ्या. राजपत्र जाडजूड दिसतं, पण तुमच्या प्रकाराची पानं मोजकी असतात, आणि हिंदी मजकूर आधी छापलेला असतो.

आता दोन्ही शेजारी ठेवून वाचा. माझ्यासमोर आलेल्या प्रकरणांत बहुतेक वेळा तीनपैकी एक गोष्ट निघते.

पहिली, दुसरं दिव्यांगत्व तपासलंच गेलेलं नसतं. अर्जात एकाच प्रकारावर खूण केली की एकच डॉक्टर बघतो. पक्षाघात झालेल्या माणसाचा हात-पाय तपासतात, वाचा गेलीय ती कुणी विचारत नाही. हे फार महाग पडतं, कारण दोन दिव्यांगत्वं एकत्र करण्याचं सूत्र आहे: मोठा आकडा अ, लहान आकडा ब, तर अ + ब × (९० − अ) ÷ ९०. वरचाच एक डोळा आणि एक कान घ्या. ३० वेगळे अपात्र, १७ वेगळे अपात्र. एकत्र केले तर १७ ला ६० ने गुणून ९० ने भागायचं, साधारण ११ येतात. ३० आणि ११ मिळून ४१. माणूस तोच, पण आता रेषेच्या पलीकडे. उलटही लक्षात ठेवा. २५ आणि १५ ची सरळ बेरीज ४० होते, सूत्राने ते ३६ च्या आतच राहतात. सरळ बेरीज करून अपील टाकलंत तर पहिल्या वाचनातच पडेल.

दुसरी, जोडगुण, म्हणजे मूळ मोजणीत वाढवून मिळणारे गुण, राहिलेले असतात. पायाची हालचाल आणि ताकद मोजली, पण पाय आखूड आहे त्याची नोंद नाही, संवेदना गेलीय त्याची नाही. कागदावर तो रकाना रिकामा दिसला की अपिलाचा मुद्दा मिळाला.

तिसरी मानसिक आजारात. तिथे आयडियाज नावाची मोजपट्टी वापरतात: स्वतःची निगा, माणसांशी संबंध, संवाद व समज, काम, या चारांना शून्य ते चार गुण, आणि आजार किती वर्षांचा यालाही एक ते चार. एकूण वीसपैकी सात झाले की ४० टक्क्यांत प्रवेश. दहा वर्षांच्या वरच्या आजाराला चार गुण नुसत्या कालावधीचे मिळतात. आणि लोक मागच्या तीन महिन्यांची चिठ्ठी घेऊन जातात! पहिल्या डॉक्टरची पिवळी पडलेली चिठ्ठी शोधा, पेटीत, गादीखाली, बहिणीकडे, कुठेही. ती नसेल तर त्या दवाखान्यातून नोंदीचा उतारा मिळवा. मी या एका कागदासाठी लोकांना परत पाठवते, ते रागावतात, तरी पाठवते.

तिन्हींपैकी काहीच सापडलं नाही तर अपील करू नका. आजार वाढल्यावर नव्याने तपासणी मागा, ते जास्त प्रामाणिक आणि जास्त लवकर होणारं काम आहे.

अपील लिहा

एक पान. अपील कुणाच्या नावे करायचं आणि मुदत किती, हे राज्य सरकारने ठरवलेलं असतं. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात विचारा आणि उत्तर लेखी घ्या. आतला कागद यायची वाट बघत अपील मात्र अडवू नका. आधी छोटं अपील देऊन टाका, त्यात ‘सविस्तर मुद्दे कागदपत्रे मिळाल्यावर सादर करीन’ हे वाक्य ठेवा. मुद्दा असा लिहा:

‘दि. … च्या तपासणीत माझ्या डाव्या पायाची हालचाल व स्नायूंची ताकद नोंदवली आहे. पायाच्या आखूडपणाची मोजणी नोंदवलेली नाही. अस्थिरोगतज्ज्ञांचा दि. … चा मोजणीचा अहवाल सोबत जोडला आहे. आखूडपणाची मोजणी करून टक्केवारी पुन्हा ठरवावी.’

बस. डॉक्टरने नीट पाहिलं नाही, उद्धट बोलले, पैसे मागितले, हे खरं असलं तरी या कागदात नको. त्याची तक्रार वेगळी करा. आवक खिडकीवर शिक्का मारलेली पोच घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा.

मधले महिने

तारीख येत नाही, फोन लागत नाही, हे धरून चाला. घरातल्या एकाच माणसाने फाईल सांभाळायची आणि ठरलेल्या दिवशीच चौकशीला जायचं. रोज रोज विषय काढू नका.

जास्त त्रास वेगळाच असतो. एरवी आपण ‘जमतं मला’ म्हणत जगतो, आणि इथे काय काय जमत नाही त्याची जंत्री द्यावी लागते. काकू आल्या की त्यांना, शेजारी आले की त्यांना, तीच जंत्री पुन्हा. माझं म्हणणं, ती एकदाच लिहायची. जिना, संडास, आंघोळ, शर्टाची बटणं, बसमध्ये चढणं, रात्रीची झोप. कुठे मदत लागते, किती वेळ लागतो. लिहून झालं की कागद फाईलमध्ये आणि विषय बंद. पाहुण्यांना सांगायची गरज नाही.

फेरतपासणीचा दिवस

तो कागद सोबत न्या, कारण डॉक्टर समोर आले की आपल्या तोंडून ‘बरं आहे साहेब’ निघतंच. विशेषतः वडीलधारी माणसं डॉक्टरांपुढे कण्हणं अपमानाचं मानतात. अण्णांना आदल्या रात्री सांगा: जिना चढता येतो का, असं विचारलं तर ‘येतो’ म्हणू नका. कठड्याला धरून, दोनदा थांबून येतो, असं पूर्ण सांगा.

नाटकही नको. बेरासारख्या, म्हणजे आवाजाला मिळणारा प्रतिसाद यंत्राने मोजणाऱ्या तपासणीत कान खरं बोलतो, तुम्ही काहीही सांगा. एकदा खोटं सापडलं की तुमच्या खऱ्या त्रासावरही कुणी विश्वास ठेवत नाही. चष्मा आताच्या नंबरचा घालून जा, नजर चष्म्यासकटच मोजतात. डबा आणि पाणी न्या, बोर्डाच्या दिवशी गर्दी असते. मानसिक आजाराच्या रुग्णासोबत रोज बरोबर राहणारा माणूस जावा, गावातला पुढारी नको.

तरीही नाकारलं तर

उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. न्यायालय स्वतः टक्के लावत नाही. दुसऱ्या वैद्यकीय मंडळाकडून तपासून घ्या, असा आदेश मिळू शकतो, आणि तेवढंच हवं असतं. वकिलाच्या फीचं दडपण घेऊ नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, हेल्पलाइन १५१००. अपिलावर निर्णयच देत नसतील तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे लेखी तक्रार करा. आयुक्त टक्केवारी वाढवून देणार नाहीत, पण रखडलेली फाईल हलवायला ते पत्र उपयोगी पडतं.

आकडा वाढून नवं प्रमाणपत्र मिळालं तर खिडकी सोडण्याआधी ते वाचा. नाव आधारप्रमाणे आहे का, दोन्ही दिव्यांगत्वं लिहिली आहेत का, आणि ‘कायम’ की ‘तात्पुरते’. तात्पुरतं असेल तर संपण्याची तारीख कॅलेंडरवर टाका आणि नूतनीकरणाचा अर्ज तीन महिने आधी करा. नाहीतर तारीख उलटली की पेन्शन थांबते आणि तुम्ही परत पहिल्या रांगेत. दिव्यांग प्रमाणपत्रांच्या स्वावलंबन पोर्टलवर नवा आकडा चढला आहे का तेही पाहा, कारण तहसीलवाले हातातल्या कागदाआधी संगणकावर बघतात.