कार्बन-इपॉक्सी पट्टीची ताण चाचणी
एएसटीएम डी ३०३९ या संमिश्र साहित्याच्या ताण चाचणीच्या मानकानुसार, इपॉक्सी रेझिनमध्ये बसवलेले सर्व कार्बन तंतू लांबीच्या दिशेने असलेल्या पट्टीसाठी २५० मिमी लांब, १५ मिमी रुंद आणि १ मिमी जाड नमुना डायमंड ब्लेडने, पाणी सोडत कापावा. दोन्ही टोकांना ग्लास-इपॉक्सीचे टॅब, म्हणजे पकडीसाठीचे छोटे तुकडे, चिकटवावेत. नाहीतर यंत्राच्या जबड्यांचे दातेच तंतू तोडतात. खरी मेख नमुना बसवण्यात आहे: तंतूंची दिशा भाराच्या रेषेपासून एखाद्या अंशाने ढळली, तरी ताकद लक्षणीय घटलेली दिसते आणि दोष मात्र साहित्याच्या माथी येतो. मिनिटाला २ मिमी वेगाने ओढावे, ताठरता ताण-विकृती आलेखाच्या ०.१ ते ०.३ टक्के विकृतीमधील (विकृती म्हणजे मूळ लांबीच्या तुलनेत झालेली वाढ) उतारावरून काढावी. किमान पाच नमुने तपासावेत, आणि त्यांतले बरेचसे टॅबच्या कडेशीच तुटत असतील, तर आकडे वहीत उतरवण्याआधी पकड व टॅबचे चिकटकाम पुन्हा पाहावे.