उन्हाळ्याच्या सुट्टीत बालमानसिक आरोग्याचे संशोधन शिकायचे असेल तर

मार्च उजाडला की मानसशास्त्र, समाजकार्य आणि वैद्यकाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी विचारू लागतात, ‘मॅडम, सुट्टीत मुलांच्या मानसिक आरोग्यावर संशोधन करता येईल का?’ करता येते. पण विचारायला मार्च हा उशिराचा महिना आहे, आणि दुसरी अडचण तर त्याहून साधी आहे. सांगली-साताऱ्याकडे मे महिन्यात शाळा बंद असतात, पोरे मामाच्या गावी गेलेली असतात, आणि ज्यांच्याविषयी अनेकांना काम करायचे असते ती ऊसतोड कामगारांची मुले हंगाम संपताच आईवडिलांबरोबर बीडकडे परतलेली असतात. म्हणून उन्हाळी प्रशिक्षण म्हणजे मुलांकडून प्रश्नावल्या भरून घेणे, ही कल्पना आधी मनातून काढून टाकावी. हे दोन महिने इतरांनी गोळा केलेली माहिती नीट वाचायला आणि मुलांजवळ जाण्याची तयारी करायला वापरायचे असतात.

तयारी दिवाळीनंतर लगेच सुरू करावी. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना बंगळुरू, नवी दिल्ली आणि प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादम्यांची संयुक्त उन्हाळी शिष्यवृत्ती आहे. एमबीबीएस आणि बीडीएसच्या विद्यार्थ्यांसाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची दोन महिन्यांची अल्पकालीन विद्यार्थीवृत्ती आहे. तिच्यात प्रस्ताव आधी द्यावा लागतो आणि विद्यावेतन अहवाल मंजूर झाल्यावरच मिळते, तेव्हा खर्चाचा हिशेब त्याप्रमाणे करावा. कला शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी खरा मार्ग म्हणजे मिरज किंवा कऱ्हाड येथील वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकृतिशास्त्र विभागातील, नाहीतर आपल्याच विद्यापीठातील एखाद्या अध्यापकांना पत्र लिहिणे. पत्र एका पानाचे असावे. त्या अध्यापकांचा कोणता लेख वाचला, त्यातले काय कळले नाही आणि आपल्याला कोणते काम येते, एवढेच त्यात असावे. ‘मला लहान मुले फार आवडतात’ हे वाक्य लिहू नये. ते सगळेच लिहितात.

विषय जितका लहान निवडाल तितके काम पुरे होण्याची शक्यता अधिक. ‘मोबाइलचा मुलांवर होणारा परिणाम’ हा दोन महिन्यांचा विषय नव्हे. निम्हान्स या बंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात मानसिक विकारांचे प्रमाण ७.३ टक्के आढळले, हा आकडा जवळजवळ प्रत्येक प्रस्तावाच्या पहिल्या परिच्छेदात असतो. मात्र ते सर्वेक्षण ज्या १२ राज्यांत झाले त्यांत महाराष्ट्र नव्हता, हे क्वचितच कोणी लिहितो. तो आकडा तासगाव किंवा कोरेगावला जसाच्या तसा लावता येत नाही, हे ज्याला उमगले त्याचे प्रशिक्षण सुरू झाले असे मी मानते. त्यापेक्षा, एखाद्या बाह्यरुग्ण विभागातील नावे काढून टाकलेल्या नोंदींवरून १० ते १४ वर्षांच्या किती मुलांची पहिली तक्रार पोटदुखी किंवा डोकेदुखी अशी लिहिली गेली, हा प्रश्न चांगला आहे. आपल्याकडचे मूल ‘मला चिंता वाटते’ असे सहसा म्हणत नाही. शाळेची वेळ झाली की त्याच्या पोटात दुखू लागते.

परवानगीच्या बाबतीत शॉर्टकट घेऊ नये, कारण नोंदी वाचायच्या असल्या तरी संस्थेच्या नीतिशास्त्र समितीपुढे जावे लागते आणि समितीची बैठक आपल्या सुट्टीसाठी थांबत नाही. प्रत्यक्ष मुलांबरोबर काम असेल तर पालकांची लेखी संमती हवीच. शिवाय भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ७ ते १२ वर्षांच्या मुलाचा तोंडी होकार आणि १२ ते १८ वर्षांच्या मुलाचा लेखी होकार घ्यावा लागतो. मूल नाही म्हणाले, तर आईने सही केलेली असली तरी विषय तिथे संपतो.

माझ्या देखरेखीखाली पहिल्याच उन्हाळ्यात दोघा विद्यार्थ्यांनी एका खासगी क्लासमध्ये मुलांच्या भावना व वर्तनातील ताकद आणि अडचणी यांविषयीची प्रश्नावली (एसडीक्यू) वाटली होती. एका बाकावर तिघे बसलेले, समोर क्लासचे सर उभे, आणि मुले एकमेकांच्या कागदात डोकावून खुणा करत होती. तीनही मुलांच्या कागदांवर खाडाखोडसुद्धा एकाच जागी होती. तो गठ्ठा आम्हाला टाकून द्यावा लागला, आणि चूक मुलांची नव्हे, माझी होती. रॉबर्ट गुडमन यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेली ही प्रश्नावली दिसायला सोपी आहे: २५ विधाने, प्रत्येकी पाचांचे पाच गट. पण पाच विधानांचे गुण उलटे मोजावे लागतात आणि इतरांशी चांगले वागण्याचा गट एकूण अडचणींच्या ४० गुणांत धरला जात नाही. आधी दहा काल्पनिक मुलांचे गुण हाताने, वहीत, काढून पाहावेत; संगणकाकडे नंतर वळावे. अशी साधने घरी बसून मराठीत उतरवू नयेत, अधिकृत भाषांतरच वापरावे.

मुलाखतीचा सराव मे महिन्यात एकमेकांवर करावा. एका विद्यार्थिनीने सरावात ‘तुला टेन्शन येतं का रे?’ असे विचारले आणि मुलाची भूमिका करणारा मित्र नुसता ‘नाही’ म्हणाला. मुलाखत तिथेच संपली. मग तिने विचारले, ‘काल सकाळी उठल्यापासून शाळेत पोचेपर्यंत काय काय झालं, सांग बरं.’ त्यावर तो दहा मिनिटे बोलला. २०१९ च्या महापुरासारख्या विषयावर मात्र नवख्याने मुलांना थेट काही विचारू नये. असे काम अनुभवी मानसोपचारतज्ज्ञ शेजारी बसलेले असतानाच करावे.

‘तू सांगशील ते मी कुणालाच सांगणार नाही’ असे वचन मुलाला कधीही देऊ नये. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना कळवणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार बंधनकारक आहे, आणि न कळवणे हा गुन्हा आहे. स्वतःला इजा करण्याचा विचार एखाद्या मुलाने बोलून दाखवला, तर वही मिटून त्याच दिवशी मार्गदर्शकांना सांगावे. बालकांसाठीच्या मदतवाहिनीचा १०९८ आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा १४४१६ हे क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात नवे काही हाती घेऊ नये. नोंदींच्या प्रती मार्गदर्शकांकडे सोपवाव्यात, आपल्या लॅपटॉपवरील आणि मोबाइलवरील फाइली त्यांच्यासमोर पुसून टाकाव्यात, आणि ज्या विभागाने नोंदी वाचू दिल्या त्यांच्यासाठी काय आढळले ते सोप्या मराठीत एका पानावर लिहून द्यावे. ते पान आधी नोंदी ठेवणाऱ्या परिचारिकेला वाचायला द्यावे. आकड्यांत कुठे गडबड आहे ते तिच्या लक्षात सगळ्यांत आधी येते.