अमिदा: उभ्याने करायची प्रार्थना

ज्यू परंपरेत प्रार्थनेसाठी हिब्रू क्रियापद आहे ‘लेहितपालेल’. त्याचं रूप आत्मवाचक आहे, म्हणजे क्रियेचा रोख करणाऱ्यावरच असतो. देवाला माहिती पुरवायची नसते, आपण कोणासमोर उभे आहोत याचं भान स्वतःत जागवायचं असतं. या भानाला ‘कव्हाना’ म्हणतात. ते नसेल तर शब्द नुसते ओठांवरून जातात.

अमिदा रोज तीनदा: सकाळी शाहरीत, दुपारी मिन्हा, रात्री आर्वीत. वेळ घड्याळावरून नाही, उजेडावरून मोजतात. सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचे १२ समान भाग करायचे. शाहरीतची अमिदा चौथा भाग संपायच्या आत व्हावी. सूर्य ६:३० ला उगवून ६:३० ला मावळत असेल, तर १०:३० पर्यंत. मिन्हा त्या दिवशी १ वाजल्यापासून.

तोंड जेरुसलेमकडे. मुंबई-अलिबागहून ती दिशा पश्चिम, किंचित उत्तरेला कललेली. धावत्या गाडीत दिशा कळली नाही किंवा उभं राहता आलं नाही, तर बसून म्हणा, मन तिकडे वळवा. उभे असाल तर तीन पावलं पुढे या आणि पाय जुळवून ठेवा. डोळे मिटलेले किंवा सिद्दूरवर, म्हणजे प्रार्थनेच्या पुस्तकावर. इकडेतिकडे पाहिलं की मन भरकटलंच.

आवाज किती? ओठ हलावेत, स्वतःच्या कानाला ऐकू यावं, शेजाऱ्याला नाही. हे बायबलमधल्या हन्नाकडून घेतलंय. मूल व्हावं म्हणून ती शिलोच्या मंदिरात अशीच पुटपुटत होती आणि एली याजकाला ती प्यायलेली वाटली. मनातल्या मनात वाचणं पुरत नाही.

आठवड्याच्या कामाच्या दिवशी १९ बराखा, म्हणजे आशीर्वचनं, असतात: पहिल्या ३ स्तुतीच्या, मधल्या १३ मागण्यांच्या, शेवटच्या ३ आभाराच्या. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, मागण्या गळतात, त्यांच्या जागी त्या दिवसाची एक बराखा येते, एकूण ७ होतात. चारदा वाकायचं: पहिल्या बराखाच्या सुरुवातीला आणि शेवटी, तसंच ‘मोदीम’ या आभाराच्या बराखाच्या सुरुवातीला आणि शेवटी. बराखात ‘बारूख’ म्हणताना वाका, देवाचं नाव येताच ताठ व्हा. मनाने जास्तीचं वाकणं भक्तीचं वाटतं, पण ते मनाई आहे.

सगळी अमिदा एकाग्रतेने जमत नसेल तर निदान पहिली बराखा तरी जपा. मूळ नियमानुसार ती लक्ष न देता म्हटली तर प्रार्थना पुन्हा करावी लागे. नंतरच्या शास्त्रकारांनी ही सक्ती काढली, कारण दुसऱ्यांदाही लक्ष लागेल याची खात्री नाही. म्हणून आधीच सावकाश म्हणा, देवाच्या प्रत्येक नावाआधी क्षणभर थांबा. मिश्नात, म्हणजे रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) जुन्या नियमग्रंथात, सांगितलंय की पूर्वीचे भक्त प्रार्थनेआधी तासभर शांत बसत. तुम्ही दोन मिनिटं तरी बसा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून.

स्वतःची मागणी आपल्या भाषेत घालता येते, मराठीतही. आजाऱ्यासाठी आठव्या बराखात. तिथे नाव वडिलांचं नाही, आईचं जोडतात: अमुक, तमुक बाईचा मुलगा. बाकी काहीही सोळाव्या, ‘शोमेआ तेफिला’त.

पाऊस मागायचं नवव्या बराखात. इस्रायलबाहेर ही मागणी ४ डिसेंबरच्या (लीप वर्षाच्या आधीच्या वर्षी ५ डिसेंबरच्या) संध्याकाळपासून पेसाह या वसंतातल्या सणापर्यंत असते. हमखास चुकते ती इथेच. विसरलात आणि अजून सोळाव्यापर्यंत आला नसाल, तर तिथे मागा. त्याच्याही पुढे गेलात तर नवव्यावर परता. अमिदा संपवून पावलं मागे घेतली असतील तर सगळी पुन्हा म्हणा. कोकणात जूनमध्ये पाऊस लांबला तर? निनेवे या प्राचीन शहरातल्या लोकांना उन्हाळ्यात पाऊस हवा असे, त्यांना रब्बींनी सांगितलं ते इथेही लागू पडतं: नवव्यात नको, सोळाव्यात मागा.

घडून गेलेलं बदला असं मागू नका. गावातून आरडाओरडा ऐकू आला की ‘हे माझं घर नसो’ असं म्हणणं मिश्ना व्यर्थ प्रार्थना ठरवतो, कारण कोणाचं घर ते आधीच ठरलेलं असतं. त्या घरातल्यांसाठी मागा.

शेवटी वाकूनच डाव्या पायाने सुरुवात करून तीन पावलं मागे. मग ‘ओसे शालोम’ ही शांती मागणारी ओळ म्हणत आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग समोर झुका. लगेच निघू नका, काही क्षण तिथेच थांबा. सिनेगॉगमध्ये १० जणांचा मिन्यान (सामूहिक प्रार्थनेसाठी लागणारी संख्या) असेल तर शाहरीत आणि मिन्हाला हज्जान, म्हणजे प्रार्थना चालवणारा, अमिदा मोठ्याने पुन्हा म्हणतो. तो ‘केदुशा’ला, म्हणजे देवाच्या पवित्रतेच्या घोषाला, पोचला की तीन पावलं पुढे येऊन पाय जुळवा.