उपाय सुचत नाही तेव्हा: ओल्या आमसुलांवर एक रीत

पाऊस तोंडावर आला, आमसुलं अजून ओली, आणि घरातले सगळे एकच विचारतात: 'ऊन कुठून आणू?' अडतं ते इथेच, कारण प्रश्नातच उपाय ठरवून टाकलेला असतो.

प्रश्न बदला: 'सालीतलं पाणी कसं घालवू?' पाणी कशाकशाने जातं ते लिहा. उष्णता, खेळती हवा, पातळ थर. ऊन यातल्या फक्त पहिल्यासाठी लागतं.

मग घरातल्या आठ-दहा वस्तूंचे भाग पाडा. प्रत्येक भागाला विचारा: याचे आणखी तुकडे होतात का? नावातच त्याचं काम आलंय का? आलं असेल तर नाव बदला. 'मच्छरदाणी' म्हटलं की डासच आठवतात; 'बारीक भोकांचं नायलॉनचं कापड' म्हटलं की ते लाकडी चौकटीवर ताणून, बाजूने पंखा लावून वाळवण घालणं सुचतं. (लोखंडी जाळी नको, कोकमाच्या आंबटाने गंजते.) भाग पाडून नाव बदलायची ही रीत अमेरिकी संशोधक टोनी मॅकॅफ्री यांनी २०१२ मध्ये मांडलेली.

डबे-टोपल्या आधी रिकाम्या करा. जर्मन मानसशास्त्रज्ञ कार्ल डुंकर यांच्या कोड्यात मेणबत्ती दारावर उभी करायची होती; उत्तर असं की खोकं टाचणीने दारावर ठोकून त्याचीच फळी करायची. पण टाचण्यांनी भरलेली खोकी लोकांना फक्त 'टाचण्या ठेवायची' वाटली. ती रिकामी दिली की उत्तर जास्त जणांना सापडलं.

तरीही अडलं तर उठा, पण खरोखर अडल्यावरच. वीस मिनिटं परसात पाणी घाला, अंगण झाडा. मोबाइल नको, तो डोकं व्यापतो. चौघे असाल तर आधी वेगवेगळं लिहा, मग बोला. नाहीतर पहिल्याचंच सगळे धरतात.