मिठापासून दारापर्यंत: पावसाळ्यात घर कोरडं ठेवायच्या युक्त्या

जून लागला की मीठ ओलं होतं, पापड सादळतात, कपाट उघडलं की कुबट वास येतो आणि न्हाणीघराचं दार चौकटीत अडकतं. या सगळ्या तक्रारींचं मूळ एकच, हवेतली ओल. मुंबई-कोकणात तर पावसाळ्यात हवेची आर्द्रता दिवसच्या दिवस 80 टक्क्यांच्या वर असते. ही ओल घरात शिरणारच, ती थांबवता येत नाही. पण डब्यात, कपाटात आणि कपड्यांच्या घडीत ती आपल्याच हातून कोंडली जाते, आणि ते नक्की टाळता येतं.

त्यासाठी क्रम पाळायचा: आधी वाळवा, मग गार करा, मग झाका. मधली पायरी हमखास चुकते. रवा भाजून गरम असतानाच डब्यात भरला की त्याची वाफ झाकणाला आतून लागते, तिचे थेंब होऊन पुन्हा रव्यावर पडतात आणि चार दिवसांत वरच्या थराच्या गुठळ्या होतात. दळणाचंही तसंच. गिरणीतून आलेलं पीठ चांगलं गरम असतं. ते परातीत पसरून दोन-तीन तास उघडं ठेवा, हाताला पूर्ण गार लागलं की मगच डब्यात भरा. पावसाळ्यात आठ-दहा दिवस पुरेल एवढंच दळण आणावं.

मीठ

हवेची आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढू लागतं. खडेमिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात आणि ते याहून कितीतरी कोरड्या हवेतही पाणी धरतात, म्हणून खडेमीठ आधी पाझरतं. मिठात तांदूळ घालायची जुनी युक्ती बरोबर आहे, फक्त कच्चे तांदूळ घालून भागत नाही, कारण त्यांनी स्वतःच ओल धरलेली असते. चमचाभर तांदूळ मंद आचेवर दोन-तीन मिनिटं कोरडे भाजा, गार करा आणि अर्ध्या किलोच्या बरणीत तळाशी घाला. जेवणाच्या टेबलावरच्या मीठदाणीला दहा-बारा दाणे पुरतात. पंधरा दिवसांनी दाणे बदला. मीठ चिनी मातीच्या किंवा काचेच्या बरणीत ठेवा. ओलं मीठ स्टीललाही खड्डे पाडतं.

धान्य आणि कडधान्य

इथे थोडा जास्त वेळ द्यावा, कारण नुकसान इथेच मोठं होतं.

तांदूळ-गव्हातल्या सोंड्याची मादी दाण्याला बारीक भोक पाडून आत अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते. अळी दाण्याच्या आतच वाढते आणि उबदार हवेत महिना-सव्वा महिन्याने पूर्ण वाढलेला सोंडा बाहेर पडतो. म्हणून आणताना स्वच्छ दिसलेल्या तांदळात महिन्याभराने एकदम सोंडे दिसतात. ते बहुतेक वेळा धान्याबरोबरच आलेले असतात. निवडून-पाखडून फक्त बाहेर आलेले किडे जातात, आतली पिढी तशीच राहते.

गहू उन्हात घालायचा तो पाऊस सुरू होण्याआधी, कडक उन्हात, सकाळी अकरा ते चार, दोन बोटं जाडीचा थर करून आणि दर तासाने हात फिरवून. वाळला की नाही हे दाताने कळतं: दाणा चावला की कट्‌ असा आवाज होऊन तुटला पाहिजे. दाताखाली दबला तर अजून एक ऊन द्या. तांदूळ मात्र उन्हात घालू नका. त्याला आतून तडे जातात आणि शिजवताना त्याची कणी होते. तांदूळ सावलीत, पंख्याखाली सुती कापडावर पसरा.

वर्षाच्या साठवणीच्या तूरडाळीला किलोमागे एक चहाचा चमचा, म्हणजे साधारण 5 मिलि, एरंडेल चोळा. गव्हालाही हेच प्रमाण, 10 किलोला 50 मिलि. तेल एका जागी ओतू नका. तळहातावर घेऊन मूठ-मूठ धान्याला चोळत जा, प्रत्येक दाण्याला नुसती तकाकी आली पाहिजे. तेल जास्त झालं तर डाळ चिकटते आणि खवट वास धरते. शिजवण्याआधी डाळ कोमट पाण्याने दोनदा धुतली की तेलाचा अंश जातो.

तांदळाला बोरिक पावडर लावायची पद्धत अनेक घरांत आहे. ती सोडावी असं आमचं स्पष्ट मत आहे. झुरळांसाठी पिठात कालवून गोळ्या करतो ती हीच पावडर. पाऱ्याच्या गोळ्या आणि डब्यात काड्यापेटी ठेवणं, हेही अन्नाजवळ नको. कडुनिंबाचा पाला चालतो, पण सावलीत वाळवून कुरकुरीत झालेला. ओला पाला घातला तर आपणच डब्यात पाणी घालतो आणि तळाशी बुरशी येते. तमालपत्र किंवा लवंगांच्या वासाने नवे किडे थोडेफार दूर राहतात, दाण्यातली अंडी त्याने मरत नाहीत.

मूग, मटकी, चवळी, हरभरा यांचा किडा वेगळा. तो भुंगा अख्ख्या दाण्यावर वरून अंडी चिकटवतो. मूठभर मूग उजेडात तळहातावर पसरून पाहा. खसखशीच्या दाण्याहूनही लहान, नखाने खरवडल्याशिवाय न निघणारे पांढरे ठिपके दिसले तर ती अंडी. डाळ करून ठेवलेल्या कडधान्याला हा त्रास फार कमी होतो. कडधान्य थोडंच असेल तर सर्वात सोपा आणि निर्धोक उपाय फ्रीझरचा: एकेक किलोच्या पिशव्या घट्ट बंद करून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा. रवा, मैदा आणि बेसनालाही हे लागू. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. गार दाण्यावर बाहेरच्या दमट हवेचं पाणी जमतं आणि केलेली मेहनत वाया जाते. पाच-सहा तास बंदच राहू द्या, बाहेरून पिशवी कोरडी आणि खोलीइतकी उबदार झाली की उघडा.

साठवणीचा डबा रोज उघडू नये. रोजच्या वापराला आठवड्यापुरती छोटी बरणी वेगळी ठेवा. मोठा डबा शक्यतो काठोकाठ भरलेला असावा, कारण रिकाम्या जागेत हवा असते आणि हवेत ओल. डबे फरशीवर न ठेवता लाकडी पाटावर किंवा मांडणीवर ठेवा.

पापड, चिवडा, बिस्किटं सादळली असतील तर ती टाकायची गरज नाही. जाड बुडाच्या कढईत अगदी मंद आचेवर पाच-सात मिनिटं परता आणि गार होऊ द्या. गरम असताना ती मऊच लागतात, म्हणून घाबरून जास्त भाजू नका. कुरकुरीतपणा गार झाल्यावर येतो. मसाल्याच्या डब्यात हिंगाचा खडा असू द्या आणि ओला चमचा कधीच घालू नका.

कपडे

मशीनमध्ये पिळून निघालेल्या पाच किलो कपड्यांत अजून अडीच-तीन लिटर पाणी असतं. दारं-खिडक्या बंद करून ते खोलीत वाळत घातले तर एवढं सगळं पाणी खोलीच्या हवेत येतं, तिथून गाद्यांत आणि भिंतीत जातं. म्हणून घरात कपडे वाळवायचे तर एकच खोली ठरवा, तिचं घराकडचं दार बंद ठेवा आणि बाहेरची खिडकी थोडी उघडी ठेवा.

मशीन असेल तर शेवटी पिळण्याची फेरी आणखी एकदा लावा. त्याने वाळण्याचे काही तास वाचतात. दोन कपड्यांत वीतभर अंतर ठेवा. जीन्स उलटी करून कमरेला चिमटे लावा, खिसे बाहेर काढा. छताच्या पंख्यापेक्षा टेबलफॅन चांगला, तो कपड्यांच्या रांगेच्या एका टोकाला असा ठेवा की वारा कपड्यांच्या मधून वाहील. शर्ट हँगरला लावताना पुढची बटणं उघडी ठेवा.

कपडा वाळला का हे मधल्या भागावरून ठरवू नका. काखेची शिवण, कमरेचा पट्टा, इलॅस्टिक हे भाग गालाला लावून पाहा. गार लागलं तर आत ओल आहे. तिथे इस्त्री फिरवा आणि घडी लगेच कपाटात न ठेवता अर्धा तास बाहेर राहू द्या, कारण इस्त्रीची वाफ अजून कापडात असते.

कुबट वास जिवाणूंमुळे येतो. कपडा जितका जास्त वेळ ओला राहील तितके ते वाढतात. वास बसलेल्या टॉवेलवर अत्तर किंवा सुगंधी कंडिशनर ओतून उपयोग नाही. बादलीभर कडक गरम पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा विरघळवा, टॉवेल अर्धा तास भिजवा आणि मग नेहमीसारखे धुवा. हे फक्त सुती कापडासाठी. रेशीम, लोकर आणि रंग जाणारे कपडे सोड्यात घालू नका. शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घातलं तरी वास कमी होतो, पण त्याच पाण्यात ब्लीच कधीही घालू नका. दोन्ही मिळून विषारी क्लोरीन वायू तयार होतो. मशीनचं रबर प्रत्येक धुण्यानंतर पुसा आणि दार उघडं ठेवा. बरेचदा वास मशीनचाच असतो.

कपाट

कपाट भिंतीला चिकटवून ठेवू नका, मागे चार बोटं जागा सोडा. बाहेरच्या बाजूची, पावसाचा मारा लागणारी भिंत असेल तर तिथे कपाट नकोच. ऊन पडेल त्या दुपारी दोन तास दोन्ही दारं सताड उघडी ठेवा. ओल शोषायला कॅल्शियम क्लोराईडचे तयार डबे मिळतात, ते खरोखर पाणी ओढतात. त्यात साचलेलं पाणी सांडू देऊ नका, कापड आणि लोखंड दोन्ही खराब होतात. डांबरगोळ्या किड्यांसाठी असतात, ओलीवर त्यांचा काही परिणाम होत नाही. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत आणि दुपट्यांत त्या ठेवूच नका. काही बाळांच्या रक्तात जन्मतः एका विकराची (एन्झाइमची) कमतरता असते आणि या गोळ्यांच्या वाफेने त्यांच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात.

पैठणी किंवा जरीची साडी प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका. धुतलेल्या पांढऱ्या सुती फडक्यात गुंडाळा आणि दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या जागी घाला, नाहीतर घडीवर जर तुटते.

भिंतीवरचा ओलावा

भिंत ओली दिसली की लगेच रंगाऱ्याला बोलावू नका. आधी ओल कुठून येते ते तपासा. फूटभर लांबी-रुंदीचा जाड प्लॅस्टिकचा तुकडा त्या जागी चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि 24 ते 48 तास तसाच ठेवा. थेंब खोलीकडच्या बाजूला जमले तर ओल हवेतली आहे. पंखा, खिडकी आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट वाढवून काम होईल. थेंब प्लॅस्टिकच्या मागे, भिंतीकडे जमले तर पाणी भिंतीतूनच झिरपतंय: बाहेरचा तडा, गच्ची किंवा नळाचा पाइप. ते दुरुस्त केल्याशिवाय वर कितीही महाग रंग दिला तरी पोपडे पुन्हा निघणार.

काळी बुरशी कोरड्या ब्रशने घासू नका, तिची भुकटी घरभर उडते. ओल्या फडक्याने पुसा, फडकं टाकून द्या आणि जागा पंख्याने पूर्ण वाळवा.

ओल्या भिंतीतल्या स्विचला हात लावू नका. त्या ओळीची वीज मुख्य बोर्डावरून बंद करून वायरमनला बोलवा. गळती-संरक्षक स्विच (वीज कुठे गळू लागली की पुरवठा आपोआप तोडणारा) बसवलेला असेल तर त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा. खटका पडलाच पाहिजे.

लोखंडी तवा, विळी, अडकित्ता

धुतल्याबरोबर पुसा, तवा मिनिटभर गॅसवर ठेवून पूर्ण सुकवा आणि दोन थेंब तेलाचं फडकं फिरवा. तेल जास्त लावलं तर ते चिकट होऊन खवट वास येतो. गंज आलाच तर अर्धं लिंबू मिठात बुडवून घासा, धुवा आणि त्याच क्षणी सुकवा.

फुगलेलं दार

लाकूड ओल धरलं की रुंदीला फुगतं, लांबीत जवळपास काही फरक पडत नाही. म्हणून दार बहुधा कुलुपाच्या बाजूला घासतं. नेमकं कुठे ते शोधायला दाराच्या कडेला खडू लावा, दार एकदा लावून उघडा. चौकटीवर जिथे खडू उमटला तीच जागा. तिथे मेणबत्ती जोर देऊन आठ-दहा वेळा घासा. थोड्या अडकणाऱ्या दाराला एवढ्याने महिनाभर पुरतं. घासणं वरच्या कोपऱ्यात असेल तर मात्र फुगण्यापेक्षा दार खाली झुकलेलं असण्याची शक्यता जास्त. वरच्या बिजागरीचे स्क्रू फिरवून पाहा. स्क्रू नुसताच गरगर फिरत असेल तर तो काढा, गुल तोडलेल्या दोन-तीन काड्या फेविकॉलमध्ये बुडवून भोकात ठोका, बाहेर राहिलेला भाग कापा, रात्रभर सुकू द्या आणि सकाळी तोच स्क्रू पुन्हा आवळा.

सुताराकडून भर पावसात रंधा मारून घेऊ नका. तेव्हा बरोबर बसलेलं दार हिवाळ्यात लाकूड आकसलं की करंगळीएवढी फट दाखवतं. दसऱ्यानंतर, कोरडी हवा पंधरा दिवस मिळाली की पुन्हा खडू लावून बघा. तरीही घासत असेल तर तेव्हा रंधा मारा, आणि तासलेल्या उघड्या लाकडाला त्याच दिवशी वॉर्निश किंवा ऑइलपेंट लावा, दाराच्या खालच्या कडेलासुद्धा.