एआयकडून चित्रं काढताना या चुका टाळा, सुरुवात ‘विहीर नको’पासून

डोक्यात चित्र आधीच पक्कं करायचं आणि एआयने ते जसंच्या तसं काढून द्यावं म्हणून त्याच्याशी भांडत बसायचं, ही माझ्या वर्गात सगळ्यात जास्त दिसणारी चूक. जे पक्कं ठरलंय ते सरळ कागदावर काढा ना. हे खेळणं आहे ते न ठरलेल्यासाठी.

एका हळद व्यापाऱ्यावरच्या एकांकिकेचं नेपथ्य सुचवायचं होतं. वर्गातल्या एका मुलाने लिहिलं, ‘हरिपूरमधलं हळदीचं पेव’, म्हणजे सांगलीजवळच्या हरिपुरातलं हळद साठवायचं जमिनीखालचं कोठार. आली विहीर, रहाटासकट. यात नवल नाही. ही मॉडेल्स शिकतात इंटरनेटवरच्या चित्रांवरून आणि त्यांच्या बहुतांशी इंग्रजी ओळींवरून. 2005 च्या पुरात हरिपूरची कितीतरी पेवं गेली. उरलेल्यांचे फोटो असून असून किती असणार? मग जवळात जवळचं जे सापडेल ते एआय पुढे करतं.

पठ्ठ्याने लिहिलं, ‘विहीर नको’. विहीर मोठी झाली. ‘विहीर अजिबात नको, पाणी नको’ म्हटल्यावर काठोकाठ भरली! बऱ्याच टूल्सना ‘नको’ नीट कळत नाही, ‘विहीर’ तेवढी कळते. दिवसाचा फुकटचा कोटा संपला तेव्हा साहेबांचा निकाल आला, “मॅडम, ॲपच बंडल आहे.”

मी नाव लिहितच नाही, दिसतं ते लिहिते. जमिनीत अरुंद तोंडाचा खड्डा, आत रुंद पोकळी, मातीच्या भिंती, तळाशी हळकुंडांचा ढीग, वरून येणारी उजेडाची एक तिरीप. एवढं लिहिलं की विहीर आपोआप जाते.

पण गंमत पुढेच आहे. शेजारच्या मुलीने त्याने टाकून दिलेल्या विहिरींपैकी एक उचलली. त्यात कसा कोण जाणे, पिवळा उजेड खालून वर येत होता. तिने फोन उलटा ठेवला आणि पेन्सिलने आत वाकून बघणारा माणूस काढला, हनुवटीखालून उजळलेला. रंगमंचावर शेवटी तेच आलं: प्लॅटफॉर्मला एक भोक, खाली पिवळा दिवा. पेव कुठेच दाखवलं नाही आणि दाखवायची गरजही पडली नाही.

दुसरी चूक घाईची. चार चित्रं येतात, त्यातलं पहिलं स्टेटसला जातं, खाली ‘माझी कलाकृती’. मला राग एआयचा नाही, या घाईचा येतो. आवडलेलं चित्र मी बंद करते आणि आठवेल तसं हाताने काढते. आठवताना जे चुकतं तेच बहुतेक वेळा आपलं असतं. शिवाय मुलांना मुद्दाम न जमणाऱ्या जोड्या लावायला सांगते: मिरजेच्या सतारीच्या भोपळ्यात भरलेला आठवडी बाजार, द्राक्षाच्या मांडवाचा बनलेला सांगलीचा आयर्विन पूल. चित्रातल्या हाताला सहा बोटं आली तर येऊ देत. ठिणगी हवी असताना बोटं मोजत बसणाऱ्याला मी चहा करायला पाठवते.

आवडलेल्या चित्रात थोडाच बदल हवा असेल तर पूर्ण प्रॉम्प्ट, म्हणजे एआयला लिहून दिलेलं वर्णन, नव्याने लिहू नका. चित्र निव्वळ ठिपक्यांच्या गोंधळातून साफ होत तयार होतं. तो सुरुवातीचा गोंधळ ठरवणारा आकडा म्हणजे सीड. स्टेबल डिफ्युजनसारख्या टूलमध्ये तो दिसतो. तोच ठेवा आणि एकच शब्द बदला.

‘मास्टरपीस, 8के, अल्ट्रा रिअलिस्टिक’ ही कुठूनतरी चिकटवलेली मंत्रावळी काढून टाका. सगळ्यांची चित्रं एकाच फ्लेक्सवाल्याकडून आल्यासारखी दिसतात ती त्यामुळेच.

देवनागरी अक्षरं चित्रात मागू नका, जोडाक्षरांची वाट लागते. नवी टूल्स सुधारलीत, तरी मी अक्षरं वेगळीच टाकते.

हयात चित्रकाराचं नाव घालून त्याची शैली मागणं मी वर्गात चालू देत नाही. यावर वाद घालायला येऊ नका.

आणि शेजारच्या पोराचा फोटो ‘मावळा करून बघू’ म्हणत अपलोड करण्याआधी त्याच्या आईला विचारा.